पौर्णिमेचा लाल इशारा, वर्षाला 999 रुपये

आमच्या वाशीतील सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात, पौर्णिमेला तीन दिवस उरले असताना, रात्री दहाच्या सुमारास लाल पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांतला एक संदेश येऊन पडला. ‘उच्च धोका खिडकी उघडली आहे. पुढील सात दिवस सतर्क राहा.’ दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी तो वाचून घरातल्या साऱ्या खिडक्यांना कड्या घातल्या आणि सुनेला विचारले, ‘आपली तर एकही उघडी नव्हती, मग हे कुणाच्या खिडकीबद्दल सांगतायत?’ प्रश्न रास्त होता. तो संदेश भरती-ओहोटीवरून भूकंपाचे भाकीत करून देणाऱ्या एका सशुल्क मोबाइल ॲपचा होता आणि त्याचे मराठी यंत्राने केलेले होते. धोक्याचा काळ म्हणायचे होते, झाली खिडकी.

मी या सोसायटीचा सेक्रेटरी आहे आणि निवृत्तीपूर्वी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवत असे, त्यामुळे असली प्रकरणे शेवटी ‘सर, तुम्हीच काय ते बघा’ या वाक्यावर माझ्याकडे येतात. पुढच्याच बैठकीत एका सभासदांनी प्रस्ताव मांडला, की दुरुस्ती निधीतून सर्व 40 सदनिकांसाठी या ॲपची ‘सोसायटी योजना’ घ्यावी. वार्षिक दर 14,000 रुपये. दुरुस्ती निधी हा शब्द ऐकल्यावर मी वर्षभराची मुदत मागून घेतली, स्वतःच्या खिशातून 999 रुपये भरून वैयक्तिक वर्गणी घेतली आणि बारा महिने हे ॲप रोज उघडून पाहिले. ॲपचे नाव मी देत नाही, कारण याच कल्पनेवर चालणारी एकाहून अधिक ॲप बाजारात दिसतात आणि माझे आक्षेप नावापेक्षा कल्पनेच्या वापराला आहेत.

ॲप उघडले की वर त्या दिवसाच्या चंद्राचे सुबक चित्र, त्याखाली भरती-ओहोटीची लाट, आणि त्याखाली शून्य ते शंभर अशा खुणांचा काटा दिसतो. काट्याला ‘धोका निर्देशांक’ म्हटले आहे. अमावास्या किंवा पौर्णिमा जवळ आली की काटा पिवळ्यातून तांबड्याकडे सरकतो, चंद्र पृथ्वीच्या जवळ असेल तर आणखी सरकतो, आणि अष्टमीच्या सुमारास हिरव्यात परत येतो. बाराही महिने मी त्याला याहून वेगळे काही करताना पाहिले नाही. भिंतीवरचे पंचांग ज्याला वाचता येते त्याला हा काटा उद्या कुठे असेल ते आजच सांगता येईल.

चांगले आहे ते आधी सांगतो. भरती-ओहोटीचा तक्ता नीट मांडलेला आहे, अक्षरे मोठी आहेत, आणि पुढच्या महिन्याचे आकडेही इंटरनेट नसताना दिसतात. ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रातून फ्लेमिंगो पाहण्यासाठी निघणारी बोट खाडीत पाणी चढलेले असतानाच सुटते. नातवंडांना घेऊन जाण्याचा दिवस मी याच तक्त्यावरून ठरवला आणि तो बरोबर निघाला. बेलापूरजवळच्या दिवाळे कोळीवाड्यात मासळी घ्यायला जाण्यापूर्वीही मी तो पाहू लागलो होतो. तिथल्या आमच्या नेहमीच्या मावशींना मात्र तक्त्याची गरज पडत नाही. ‘भांगाचं पानी हाय सर, म्हावरा कमीच गावनार,’ असे त्या टोपलीकडे न पाहताच सांगतात. उधाण (मोठी भरती) आणि भांग (लहान भरती) हे शब्द आपण शाळेच्या भूगोलात पाठ करून विसरतो. त्यांच्याकडे तो रोजच्या हिशेबाचा भाग आहे. तिथीला पाऊणने गुणले की भरतीची वेळ येते, हा किनाऱ्यावरचा जुना ठोकताळाही त्यांच्या तोंडी आहे. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकराच्या पुढेमागे. ॲपने या ठोकताळ्यापेक्षा बारीक आकडे दिले हे खरे, पण ते मुंबईच्या अपोलो बंदराचे असतात आणि वर ‘आपले ठिकाण: वाशी’ असे लिहिलेले असते. खाडीच्या तोंडापासून आत पाणी चढायला वेळ लागतो, तो त्यात धरलेला नाही. सागर विहारच्या कठड्याशी उभे राहून घड्याळ पाहिले की हा फरक कुणालाही दिसतो.

आता मुख्य मालाकडे वळू. ॲपच्या ‘शास्त्रीय आधार’ या भागात एक प्रश्न विचारला आहे, की चंद्र समुद्राला उचलतो तर जमिनीला का उचलणार नाही? हा प्रश्न चुकीचा नाही, आणि त्याचे ‘उचलतोच’ हे उत्तरही चुकीचे नाही. किंबहुना या ॲपची अडचण अशी, की ते निव्वळ थापांवर उभे नाही. एका खऱ्या, नाजूक आणि शंभराहून अधिक वर्षे अभ्यासल्या गेलेल्या गोष्टीवर ते उभे आहे, आणि म्हणून ते पटकन झटकून टाकता येत नाही.

चंद्र पृथ्वीच्या जवळच्या बाजूला जास्त ओढतो आणि पलीकडच्या बाजूला कमी. या दोहोंतील तफावत म्हणजे भरतीचे बल. हे बल अंतराच्या वर्गाने नव्हे, तर घनाने घटते. त्यामुळेच सूर्य वस्तुमानाने चंद्राच्या सुमारे 2.7 कोटी पट असूनही, तो सुमारे 390 पट दूर असल्याने, त्याचे भरतीचे बल चंद्राच्या निम्म्यापेक्षाही थोडे कमी भरते. अमावास्या-पौर्णिमेला दोघे एका रेषेत येतात आणि उधाण येते. अर्ध्या चंद्राच्या दिवसांत ते काटकोनात ओढतात आणि भांग असतो. चंद्राचे अंतर सुमारे 3,57,000 ते 4,06,000 किलोमीटरच्या दरम्यान बदलते, आणि घनाचा हिशेब धरला तर तेवढ्यानेच त्याचे बल जवळपास दीडपट कमीजास्त होते. ॲपमधले हे सारे आकडे मी ताडून पाहिले. ते बरोबर आहेत.

जमीन खरोखरच उचलली जाते. साधारण 12 तास 25 मिनिटांच्या फेऱ्यात वाशीचे स्टेशन, खाडीपूल, आमची इमारत आणि तिच्या गच्चीवरची टाकी सगळी मिळून फूटभर वरखाली होतात. विषुववृत्ताकडच्या प्रदेशांत ही उचल 30-40 सेंटिमीटरपर्यंत जाते. आपल्याला ते कळत नाही, कारण शेजारचा कोपरखैरणेही आपल्याबरोबरच वर जातो आणि बरोबरच खाली येतो. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेला मात्र ते कळले होते. तिथल्या 27 किलोमीटर परिघाच्या भूमिगत वर्तुळाकार यंत्राचा परीघ भरतीच्या ओढीने सुमारे एक मिलिमीटरने बदलत असे आणि कणांच्या ऊर्जेचे मोजमाप करताना चंद्राचा हिशेब वजावाटीत धरावा लागे. वर्गात हे उदाहरण सांगितले की शेवटच्या बाकावरची मुलेसुद्धा वर बघत.

प्रश्न उरतो तो प्रमाणाचा, आणि ॲप नेमके तिथेच गप्प बसते. जमिनीच्या या भरतीमुळे खडकांत निर्माण होणारा ताण सुमारे 1 ते 4 किलोपास्कल असतो. एक मीटर खोल पाण्याचा भार साधारण 10 किलोपास्कल, म्हणजे हा ताण घोट्यापासून गुडघ्यापर्यंतच्या पाण्याएवढा झाला. पावसाळ्यात सखल सेक्टरांतून आपण जे तुडवत घरी येतो तेवढे पाणी. किनाऱ्याजवळ समुद्राच्या भरतीचा प्रत्यक्ष भार त्यात मिसळला, की आकडा काही ठिकाणी दहा किलोपास्कलच्या वर जातो. याउलट मोठ्या भूकंपात भ्रंशावरचा, म्हणजे खडकांतल्या सरकणाऱ्या भेगेवरचा, जो ताण मोकळा होतो तो 1,000 ते 10,000 किलोपास्कल असतो, म्हणजे शंभर मीटरपासून हजार मीटरपर्यंत उंचीच्या पाण्याच्या स्तंभाएवढा. हा साठा पृथ्वीच्या कवचाच्या प्लेटांच्या सरकण्याने दशकानुदशके, कधी शतकानुशतके जमा होत असतो. चंद्र तो जमा करत नाही.

मग चंद्राचे काम काय? ठाण्यातल्या दहीहंडीच्या थरांची आठवण करावी. आठ थर नीट बांधले गेले असतील तर खालच्या एखाद्या गोविंदाला शिंक आली म्हणून काही होत नाही. पण तेच थर आधीच डळमळू लागले असतील, तर ती शिंक पुरते. थर कोसळल्यावर शिंकेला दोष देता येईल, पण शिंका मोजून कुठल्या चौकातली हंडी कधी कोसळेल हे सांगता येणार नाही. भरतीचा ताण ही ती शिंक आहे.

शिंकेचा परिणाम खरोखर दिसतो का, हे शोधण्याचा इतिहास मोठा रंजक आहे, आणि 999 रुपये घेणाऱ्या ॲपने तो चार परिच्छेदांत तरी द्यायला हवा होता. मँचेस्टरचे भौतिकशास्त्रज्ञ आर्थर शुस्टर यांनी 1897 मध्ये भूकंपांच्या वेळांत एखादी लय खरोखर आहे की नुसता योगायोग आहे, हे तपासण्याची संख्याशास्त्रीय कसोटी मांडली; ती आजही वापरली जाते. त्यानंतर कितीतरी दशके कुणाला संबंध सापडे, कुणाला सापडत नसे. 2004 मध्ये एलिझाबेथ कॉक्रन, जॉन व्हिडाले आणि साचिको तानाका यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवले, की खडकाचा एक भाग दुसऱ्यावर चढतो अशा प्रकारच्या उथळ भूकंपांत, भरतीचा ताण सर्वांत प्रबळ असतो त्या वेळी, भूकंपांचे प्रमाण सरासरीपासून तिपटीपर्यंत बदलते. ही गोष्ट लहान नाही. पण ‘उथळ’, ‘चढणारे’ आणि ‘सर्वांत प्रबळ’ या तिन्ही अटी लक्षात घ्याव्यात. त्या बहुतांशी खोल समुद्राच्या कडेला, एक प्लेट दुसरीखाली जाते अशा ठिकाणी पूर्ण होतात. 2016 मध्ये सातोशी इदे आणि सहकाऱ्यांनी आणखी एक पाऊल टाकले. त्यांच्या मांडणीनुसार भरतीचा ताण जास्त असताना सुरू झालेली खडकाची लहानशी मोडतोड वाढत जाऊन महाभूकंपाचे रूप घेण्याची शक्यता थोडी वाढते. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातील सॅन अँड्रियास भ्रंशाच्या खोल भागातील अगदी मंद, सूक्ष्म कंपांत पंधरवड्याची लय आढळली, आणि गंमत म्हणजे ते कंप उधाणाच्या शिखरावर नव्हे, तर उधाण चढत असतानाच्या दिवसांत अधिक होते.

आणि 2018 मध्ये अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील सुझन हफ यांनी आठ किंवा त्याहून अधिक तीव्रतेच्या 204 भूकंपांची यादी घेऊन विचारले, की हे भूकंप वर्षाच्या किंवा चांद्रमासाच्या ठरावीक दिवशी होतात का? शोधनिबंधाच्या सारांशाच्या जागी त्यांनी एकच शब्द छापला: ‘नाही.’ मी उभ्या आयुष्यात इतका नेटका सारांश वाचलेला नाही.

वरवर पाहता हे निष्कर्ष एकमेकांशी भांडतात. तसे ते भांडत नाहीत. हजारो भूकंप एकत्र ठेवून, प्रत्येक भ्रंशाचा कल आणि त्या क्षणीची ताणाची दिशा बारकाईने काढून पाहिली, तर भरतीची पुसट पाऊलखूण दिसते. पण नुसती तिथी पाहिली तर काहीच दिसत नाही. ॲप नुसती तिथी पाहते. दिशेचा तर त्यात पत्ताच नाही. भरतीचा ताण एखाद्या भ्रंशाला सुटायला मदत करतो, तर दुसऱ्याला, त्याच क्षणी, घट्ट दाबून धरतो. अमेरिकेच्या ऑरेगन किनाऱ्यापासून दूर, प्रशांत महासागराच्या तळाशी ॲक्सियल नावाचा ज्वालामुखी आहे. तिथले भूकंप भरतीला नव्हे, ओहोटीला वाढतात, कारण वरच्या पाण्याचा भार उतरला की खालचा शिलारसाचा कोठा फुगतो आणि भोवतालच्या भ्रंशांना सरकायला वाव मिळतो. आमच्या काट्याला ही दोन्ही परिस्थिती सारखीच तांबडी.

आणखी एक बाब मला शिक्षक म्हणून फार महत्त्वाची वाटते. भरतीचा ताण लहान असला तरी तो काही तासांत चढतो आणि उतरतो, तर प्लेटांचा ताण तेवढ्या तासांत त्याच्या मानाने नगण्य वाढतो. असे असेल तर प्रत्येक भूकंप भरतीच्या वेळेलाच का होत नाही? प्रयोगशाळेत खडकांचे तुकडे एकमेकांवर घासून केलेल्या प्रयोगांतून याचे उत्तर पुढे आले, की भ्रंश एका क्षणात सुटत नाही; सुटण्याची प्रक्रिया भरतीच्या फेऱ्यापेक्षा अधिक काळ हळूहळू चालते आणि त्यामुळे एखाद्या भरतीचा धक्का तिच्यात बराचसा विरून जातो. चंद्रावर मात्र चित्र उलटे आहे. अपोलो मोहिमांनी ठेवलेल्या भूकंपमापकांनी 1977 पर्यंत जे चांद्रकंप नोंदवले, त्यांतले 700 ते 1,200 किलोमीटर खोलीवरचे कंप सुमारे 27 दिवसांच्या ठरलेल्या लयीत होत. पृथ्वी चंद्राच्या सुमारे 81 पट जड. तिची ओढ तिथे शिंक राहत नाही.

आता ‘यशस्वी भाकिते’ या पानाकडे येतो, कारण आमच्या सभासदांना भुरळ घातली ती याच पानाने. तिथे हिरव्या खुणांची लांबलचक यादी आहे: अमुक पौर्णिमेला इशारा, दोन दिवसांत इंडोनेशियात 5.6; तमुक अमावास्येला इशारा, दुसऱ्या दिवशी जपानमध्ये 5.9. आता साधे गणित करावे. चांद्रमास साडेएकोणतीस दिवसांचा. ॲपचा इशारा अमावास्या आणि पौर्णिमेच्या आधी तीन व नंतर तीन दिवस, म्हणजे प्रत्येकी सात, एकूण चौदा दिवस. महिन्यातला 47 टक्के काळ इशाऱ्याखालीच असतो. जगात कुठेही, कधीही, कशाहीमुळे झालेला भूकंप या काळात पडण्याची शक्यता जवळपास निम्मी. शिवाय पाच किंवा त्याहून अधिक तीव्रतेचे भूकंप पृथ्वीवर वर्षाला सुमारे दीड हजार, म्हणजे रोज सरासरी चार होतात. ज्या भाकितात ठिकाण नाही त्याला रोज चार संधी आहेत. ते चुकवायचे म्हटले तरी चुकणार नाही. ‘या आठवड्यात राज्यात कुठेतरी लोकल उशिरा धावेल’ असे भाकीत मीही द्यायला तयार आहे, आणि वर्गणी घेणार नाही. न चुकणारी गोष्ट म्हणजे चुकलेल्या इशाऱ्यांचे पान ॲपमध्ये नाही. मी वर्षभर शोधले.

मी एका रविवारी जुन्या तिथी काढून आपल्या आठवणीतले सहा भूकंप तपासले. याला अभ्यास म्हणता येणार नाही; चहा पिता पिता केलेला पडताळा म्हणावे. किल्लारीचा भूकंप 30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी झाला. ती अनंत चतुर्दशीची रात्र होती, गणपती बोळवून दमलेली गावे झोपली होती आणि पौर्णिमा काही तासांवर होती. भूजचा 26 जानेवारी 2001 चा, अमावास्येनंतर दोन दिवसांनी. सुमात्राचा 26 डिसेंबर 2004 चा, ज्याने त्सुनामी आणली, तो थेट पौर्णिमेला. इथवर वाचून कुणीही 14,000 रुपये काढून देईल. पण कोयनेचा 11 डिसेंबर 1967 चा भूकंप पौर्णिमेला सहा दिवस बाकी असताना, अर्ध्या चंद्रानंतर लगेच, म्हणजे ऐन भांगात झाला. नेपाळचा 25 एप्रिल 2015 चा अर्ध्या चंद्राच्या दिवशी. जपानचा 11 मार्च 2011 चा, 9 तीव्रतेचा, अर्ध्या चंद्राला पावणेदोन दिवस असताना. त्यानंतर आठ दिवसांनी, 19 मार्चला, चंद्र पृथ्वीच्या खूप जवळ येऊन पौर्णिमा झाली आणि तेव्हा ‘सुपरमून’च्या नावाने बोटे मोडली गेली; ज्या दिवशी भूकंप झाला त्या दिवशी ॲपचा काटा हिरव्याकडे झुकलेला असता. सहापैकी तीन इशाऱ्यात, तीन बाहेर. निम्मे-निम्मे.

किल्लारीबद्दल थोडे थांबून सांगावेसे वाटते. आमच्या इमारतीत लातूरकडचे एक कुटुंब आहे, आणि त्या घरातल्या काकूंचा या ॲपवर ठाम विश्वास आहे. ‘पौर्णिमेलाच झालं होतं की नाही, सर?’ या त्यांच्या प्रश्नात जे आहे ते आकड्यांनी पुसता येणारे नाही आणि मी तसा प्रयत्नही केला नाही. त्या रात्री सुमारे दहा हजार माणसे गेली, त्यांतली बहुतेक दगड-मातीच्या जाड भिंतींखाली आणि जड माळवदांखाली, म्हणजे मातीच्या छपरांखाली. मी त्यांना एवढेच म्हणालो, की भिंती वेगळ्या असत्या तर तीच पौर्णिमा असूनही इतकी माणसे गेली नसती. त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या, ‘माळवद होतं आमचं.’

पाण्याच्या भाराने भूकंप होतात हे मात्र महाराष्ट्राला जगापेक्षा अधिक ठाऊक असायला हवे, आणि मराठीतून विकल्या जाणाऱ्या ॲपने कोयनेचा एका ओळीतही उल्लेख करू नये याचे मला नवल वाटले. शिवसागर जलाशय 1960 च्या दशकात भरू लागल्यावर त्या भागात भूकंप सुरू झाले आणि 1967 मध्ये सहाहून अधिक तीव्रतेचा धक्का बसला. धरणाच्या पाण्याशी जोडल्या गेलेल्या भूकंपांत तो आजवरचा सर्वांत मोठा मानला जातो. तिथे केवळ भार नव्हे, तर भेगांतून खोल झिरपलेले पाणी आपल्या दाबाने भ्रंशाच्या दोन बाजूंना एकमेकींपासून दूर रेटून त्यांची पकड सैल करते. याच भागाच्या अभ्यासासाठी कराडला भूविज्ञान मंत्रालयाची प्रयोगशाळा उभी आहे आणि तीन किलोमीटर खोल विंधनछिद्र घेण्यात आले आहे. कोयनेच्या पाण्याची पातळी वर्षभरात समुद्राच्या भरतीपेक्षा कितीतरी मोठ्या हिशेबाने हलते. पावसाळ्यात भरते, उन्हाळ्यापर्यंत उतरते. समुद्राच्या भरतीसारखे ते दर बारा तासांनी परतत नाही, आठवडेच्या आठवडे टिकते, म्हणून आत झिरपायला त्याला वेळ मिळतो. तलासरी-डहाणूच्या बाजूला, पूर्वी आमच्याच ठाणे जिल्ह्यात असलेल्या आणि आता पालघरमध्ये गेलेल्या तालुक्यांत, नोव्हेंबर 2018 पासून जे लहान-लहान धक्क्यांचे सत्र सुरू झाले, त्याच्या चर्चेतही पावसाच्या मुरलेल्या पाण्याचा मुद्दा आहे. या धक्क्यांनी लोक कित्येक रात्री घराबाहेर झोपले. ॲपमध्ये माझे ठिकाण डहाणू करून पाहिले. काटा वाशीला होता तिथेच राहिला, चंद्र तोच असल्यामुळे.

सेवेबद्दल थोडक्यात. वर्गणी घेताना यूपीआय ऑटोपेची परवानगी घेतली जाते आणि ती ओळ फिकट राखाडी अक्षरांत आहे. वर्ष संपताच 999 रुपये पुन्हा वळते झाले. मी ग्राहक सेवेला लिहिले. उत्तर आले, ‘आपल्या कुटुंबाच्या सुरक्षिततेची किंमत करता येत नाही.’ मी उलट लिहिले, की किंमत तुम्हीच केली आहे, 999 रुपये, आणि ती मला परत हवी आहे. त्यावर गेले पाच आठवडे मौन आहे. इशारे बंद करण्याची सोय आहे, पण सुपरमूनचा जांभळा इशारा तरीही वाजतो. आमच्याकडे तो एकदा पहाटे साडेचारला वाजला आणि पत्नीने फोन तांदळाच्या डब्यात ठेवून दिला.

याच कामासाठी फुकट काय मिळते तेही सांगायला हवे. राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राचे ‘भूकंप’ (BhooKamp) हे ॲप झालेल्या भूकंपाचे ठिकाण, खोली आणि तीव्रता दाखवते. भाकीत करत नाही आणि करत असल्याचे भासवतही नाही. अँड्रॉइड फोनमध्ये 2023 पासून भारतात आलेली भूकंप-सूचना भूकंप सुरू झाल्यावर कामाला लागते: आधी पोचणाऱ्या वेगवान, सौम्य लाटा फोनच्या संवेदकांनी टिपायच्या आणि मागून येणाऱ्या विध्वंसक लाटांच्या काही सेकंद पुढे इशारा धाडायचा. काही सेकंद म्हणजे टेबलाखाली शिरण्याइतका वेळ. सात दिवसांच्या इशाऱ्यात कुणी सात दिवस टेबलाखाली बसत नाही.

गेल्या महिन्यात पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून बैठक झाली तेव्हा मी हे सारे, याहून थोडक्यात, सांगितले. प्रस्ताव मांडणारे सभासद म्हणाले, ‘सर, पण काहीतरी करायला तर हवं ना? आपण झोन तीनमध्ये येतो.’ त्यांचे बरोबर होते. 2016 च्या भारतीय मानकानुसार मुंबई, ठाणे आणि नवी मुंबई भूकंपाच्या तिसऱ्या विभागात, म्हणजे मध्यम धोक्यात, मोडतात. मी त्यांना उठवून त्यांच्याच खुर्चीमागच्या खांबाकडे नेले. जमिनीपासून हातभर उंचीवर गिलाव्याला उभी भेग होती. किल्लीच्या टोकाने खरवडले तशी पापुद्र्यासारखी खपली निघाली आणि आत तांबूस, फुगलेली सळई दिसली. खाडीवरून येणारी खारी हवा चौतीस वर्षे तिथे काम करत आहे. तीस वर्षांवरील इमारतीचे संरचनात्मक परीक्षण दर तीन वर्षांनी करायचे असते. आमचे शेवटचे कधी झाले होते हे फायलीत पाहावे लागले आणि ते सांगण्याजोगे नव्हते. 14,000 रुपयांत परीक्षण होत नाही, पण ती रक्कम त्याच्या खात्यात पहिली जमा म्हणून टाकण्याचा ठराव त्यांनीच मांडला आणि लातूरच्या काकूंनी अनुमोदन दिले.

ॲपला पाचपैकी दीड तारा देत आहे. तो पुरता भरतीच्या तक्त्याचा आहे, आणि अपोलो बंदराऐवजी वाशीच्या वेळा दिल्या असत्या तर दोन दिले असते. ज्यांनी वर्गणी घेतली आहे त्यांनी ॲप काढून टाकले म्हणजे पैसे थांबतील असे समजू नये. आपल्या यूपीआय ॲपमधल्या ‘ऑटोपे’ या भागात जाऊन तिथून परवानगी रद्द करावी लागते. मी ती रद्द केली त्या दिवशी योगायोगाने अष्टमी होती आणि काटा अगदी हिरव्यात होता.